कमलनंतरचा प्याला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्याला नाही, मुलीला नाही, चर्चच्या पाळकांना तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. गेल्या रविवारपासून घरात बसवत नाही, एवढं खरं. चहा टाकते आणि तो उतू गेला की मग आठवतो.

आमचं देऊळ परळला आहे. चर्चला आम्ही जुने मराठी ख्रिस्ती देऊळच म्हणतो. बुटकं, दगडी, एका अंगाला गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला काचेचा टॉवर आणि दुसऱ्या अंगाला चाळी. पण आधी पणजोबांची गोष्ट सांगू दे, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. ते नगरकडच्या खेड्यातले. गावच्या विहिरीला हात लावायची त्यांना बंदी होती. कुणी वरून ओंजळीत ओतेल तेवढंच पाणी. ख्रिस्ती झाल्यावर पहिल्या प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतात त्या विधीला, शेजारच्या ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थांनी प्याला ओठांना लावला आणि तोच पणजोबांच्या हाती दिला. पणजोबा म्हणे ढसाढसा रडले. संडेस्कूलच्या मुलांना ही गोष्ट मी दर वर्षी सांगते. चांगली रंगवून सांगते. आयुष्यभर शाळेत शिकवलंय, तेवढं जमतं.

आणि मीच —

थांबा. आधी कमल.

कमल म्युनिसिपालिटीची सफाई कामगार. पहाटे आमच्या गल्लीत झाडू मारायची. नवरा गेल्यावर खचली होती, म्हणून मीच तिला म्हटलं, ये एकदा देवळात, नुसती बस. ती आली ती आलीच. पुढे बाप्तिस्माही घेतला. 'बाईंनी आणली' म्हणून माझं केवढं कौतुक झालं! मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे प्रभुभोजनाला सगळे वेदीपुढच्या कठड्याशी ओळीनं गुडघे टेकतात. पाळक डावीकडून प्याला घेऊन येतात. प्याला एकच, चांदीचा. एकानं घोट घेतला की पांढऱ्या रुमालानं कड पुसायची आणि पुढच्याच्या ओठांशी धरायचा. माझे गुडघे दुखतात. म्हणून कमल लगबगीनं पुढे व्हायची, मला हात देऊन टेकवायची आणि माझ्या डावीकडे स्वतः टेकायची. म्हणजे प्याला आधी तिला, मग मला.

तो समोर आला की मला नकोसा व्हायचा. का? ती स्वच्छ नव्हती का? न्हाऊन, तेल लावून, इस्त्रीची साडी नेसून यायची. तिच्या आधी त्या जागी एक म्हातारे गृहस्थ असायचे, सदा खोकणारे. त्यांच्या मागून मी वर्षानुवर्षं प्याले आणि मनात कधी काही आलं नाही. मग कमलच्याच मागून का? मला तिचे हात दिसायचे. त्या हातांनी पहाटे काय काय उचललं असेल, ते दिसायचं. मी ओठ मिटून प्याला टेकवायचे आणि गिळल्यासारखं करायचे. देवाच्या समोर नाटक. दोनदा जागा बदलून पाहिली, तर ती आपली तिथेही हात द्यायला हजर.

शेवटी कमिटीच्या बैठकीत मी विषय काढला. म्हटलं, एकाच प्याल्यातून पिण्याबद्दल काही घरांतून तक्रारी आल्यात, आजारपणाची भीती वाटते लोकांना, प्रत्येकाला वेगळी छोटी पेली द्यावी. तेव्हाचे पाळक वयस्कर होते. त्यांचा जीव होता त्या प्याल्यात. कुणाच्या तक्रारी, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नावं सांगू नका म्हणालेत.

एकही तक्रार आली नव्हती. एकाही घरातून नाही. ती घरं म्हणजे मी.

पेल्या आल्या. चांदीचा प्याला कपाटात गेला. त्या रविवारी पायऱ्यांवर कमलनं मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, "माझ्यामुळं का ओ, बाई?"

मी हसले. म्हटलं, "छे गं, तुझं आपलं काहीतरीच. आजारपणासाठी ते."

ती बरं म्हणाली. पेल्या कोण धुणार असा प्रश्न निघाला तेव्हा तिनंच हात वर केला. मी मान खाली घालून गीतांचं पुस्तक चाळत बसले. पुढे कोरोना आला आणि मंडळी म्हणायला लागली, बाईंची दूरदृष्टी बघा. मी तेही ऐकून घेतलं.

आता नवीन पाळक आलेत, तरुण आहेत. टॉवरमधले, चाळीतले, समोरचे बौद्ध शेजारी, सगळ्यांना एका पंगतीत बसवायचं म्हणतात. गेल्या महिन्यात त्यांनी सभा ठेवली, समाजातल्या भिंती देवळाच्या मंडळीनं कशा पाडाव्यात यावर. बोलायला कुणाला उभं केलं असेल? मला. मी पणजोबांची गोष्ट सांगितली. कमल समोरच बसली होती. टाळ्या वाजवत होती.

गोष्ट ऐकून पाळकांना गहिवरून आलं. भिंती पाडायच्या तर सुरुवात आपल्या वेदीपासून करू, म्हणाले, तो एक प्याला परत काढू. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, तो बंद का झाला होता? सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं मी. पण माझ्याआधी कमलच बोलली. तक्रारी आल्या होत्या, बाईंनी सगळ्यांच्या काळजीपोटी केलं, असं तिनं सांगितलं. मी तोंड मिटलं.

गेल्या रविवारी प्याला निघाला. चिंचेनं घासून लख्ख केला होता, कमलनंच. माझी पाळी आली तशी ती नेहमीसारखी पुढे झाली, माझा दंड धरून तिनं मला टेकवलं. मी उजवीकडे जरा सरकून डावीकडे तिला जागा केली. मनाशी ठरवलं होतं, आज तिच्या मागून खरा घोट घ्यायचा. निदान तेवढं तरी.

ती तिथे टेकली नाही. माझ्या पाठीमागून वळसा घालून उजवीकडे गेली आणि तिथे गुडघे टेकले.

"तुम्ही आधी घ्या, बाई," म्हणाली.

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. सवयीचं बोलल्यासारखं. म्हणजे तिला ठाऊक होतं. पायऱ्यांवर विचारलं तेव्हाही, इतकी वर्षं त्या पेल्या धुताना, सभेत माझी बाजू घेतानाही.

पाळकांनी प्याला माझ्या ओठांशी धरला. मी प्याले. त्यांनी कड पुसली आणि प्याला तिच्याकडे नेला. माझ्या मागून ती प्याली — डोळे मिटून, पुरता घोट.

मग उठून तिनं मला हात दिला. मी तो धरला, उठले आणि माझ्या बाकावर जाऊन बसले.