टाकी रिकामी करून ठेवा

शिडीच्या मध्यावर असताना मला पहिल्यांदा शंका आली. खांद्याला हत्यारांची पिशवी, खाली शिडी धरून बाबर वहिनी उभ्या. मोटरसायकलची टाकी काढायला आलेल्या माणसाला गच्चीवर कशाला पाठवतात? मग वाटलं, बाबर सरांनी टाकी स्वतःच काढून वर उन्हात वाळत ठेवली असेल. शिकलेली माणसं व्हिडिओ बघून काहीही करतात. मी चढलो.

गॅरेजची जागा सोडल्यापासून मी घरोघरी जाऊन गाड्या दुरुस्त करतो. बाबर सर माझं जुनं गिऱ्हाईक. मूळचे वेळापूरचे, इथल्या शाळेत गणित शिकवतात. त्यांची मोटरसायकल महिनाभर नवी पेठेत, बरोबर गर्दीत बंद पडायची, आणि बघायला एखादा विद्यार्थी हमखास असायचाच. मी दोनदा शाळेत जाऊन कार्बोरेटर साफ केला, घरी कधी गेलो नव्हतो. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनला देणारा तो भाग. आठ दिवसांत पुन्हा तेच. म्हणजे घाण टाकीतूनच येत होती. टाकी उतरवून आतून धुवायला हवी होती. शुक्रवारी मी सरांना फोन केला.

"उद्या सकाळी येतो. टाकी रिकामी करून ठेवा. भरलेली उचलायला माझी कंबर आता राजी नाही."

शनिवारी सरांची सकाळची शाळा. गाडीचा भरवसा नव्हता म्हणून ते रिक्षाने गेले. जाता जाता घरात सांगून गेले, "मिस्त्री येणार हायत. टाकी रिकामी करून ठेव."

आमच्याकडे गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री, भिंत बांधणारा मिस्त्री आणि नळ बसवणाराही मिस्त्रीच. टाकीचंही तसंच आहे.

गच्चीवर पाण्याची काळी टाकी होती. झाकण उघडं, आत थेंब नाही. मी वरूनच विचारलं, "वहिनी, गाडीची टाकी कुठंय?"

"गाडीची? गाडीच्या टाकीचं काय?" मग जरा थांबून, "मिस्त्री, तुमी कशाचं मिस्त्री हो?"

"मोटरसायकलचा."

वहिनींनी शिडी सोडली आणि त्या पायरीवर बसल्या. शिडी सोडायला नको होती. मी वरून तिचं टोक धरलं.

पाणी आदल्या दिवशीच येऊन गेलं होतं. आता चार दिवस नळाला येणार नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी घरात लेकीचं डोहाळजेवण, चाळीस बायका जेवायला. वहिनींनी पाणी सांडलं नव्हतं. घरातली सगळी भांडी भरली, कुकरसुद्धा भरला आणि उरलेलं गल्लीत वाटलं. शेजारच्या पद्माक्कांनी तर आयतं पाणी मिळालं म्हणून चार गोधड्या भिजवल्या होत्या.

"टाकी तळाला गळती," वहिनी म्हणाल्या. "दोन महिनं झालं ह्यांच्या मागं लागलीया. आज मिस्त्री येणार म्हणल्यावर मला वाटलं, एकदा तरी ह्यांनी माझं ऐकलं." त्यांनी पदराने डोळे पुसले.

मला फार वाईट वाटलं. अर्धी चूक माझीच होती. शिवाय काम त्यांनी बिनचूक केलं होतं. गळती काढायची तर टाकी रिकामीच लागते. मी पिशवी उघडली. टाकीच्या तळाला पाइप जोडतात तिथलं रबरी वायसर फाटलं होतं. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून नवं वायसर केलं आणि जोड आवळला. वीस मिनिटांचं काम. जोडाखाली एक बादली ठेवलेली होती.

"ही बादली कशाला?"

"गळतंय ते त्यात पडतंय. हे म्हणत्यात, वाया कुटं जातंय, गाडी धुवायला हुतंय की."

हे मी लक्षात ठेवलं आणि खाली उतरलो.

घरात पेट्रोलची टाकी काढायची तर आधी गॅस बंद करायला लावतो आणि देवापुढचं निरांजन शांत करायला सांगतो. मग सीट काढायची. सीटखाली टाकीचा मागचा बोल्ट असतो, तो सोडायचा. पेट्रोलचा कॉक, म्हणजे तोटी, बंद करून पाइप काढायचा. पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याची वायर सोडवायची. मग टाकी मागून थोडी उचलून मागे ओढायची, कारण पुढच्या बाजूला ती दोन रबरांत अडकवलेली असते. नवशिके सरळ वर हिसका देतात. मी आधी सगळं पेट्रोल कॅनमध्ये काढून घेतलं. शेवटी तांबूस पाणी आलं.

"ह्याच्यात पाणी कुटनं आलं?" वहिनींनी विचारलं.

मी टाकीचं झाकण दाखवलं. रबर चिरलेलं. दर रविवारी सर बादलीभर पाणी गाडीवर ओतायचे, त्यातलं थोडं चिरेतून आत जायचं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, तळाशी बसतं, पत्र्याला गंज आणतं. थोडक्यात, वरची टाकी दोन महिने खालच्या टाकीत गळत होती.

वहिनी पहिल्यांदा हसल्या. चांगल्या मोठ्याने हसल्या.

टाकीत मूठभर नट आणि थोडं पेट्रोल घालून मी ती खळखळवली, गंज काढला आणि उन्हात ठेवली. तेवढ्यात सर आले. त्यांनी आधी भरलेला कुकर बघितला, मग मला, मग वहिनींना.

"अगं, मी मोटरसायकलच्या टाकीचं बोललो हुतो."

"आन् मी दोन महिनं कुठल्या टाकीचं बोलत हुते?"

चाळीस बायकांना किती लिटर लागेल, याचा हिशेब गणिताच्या शिक्षकांनी तिथंच बोटांवर सुरू केला.

मी झाकणाला नवं रबर घातलं, टाकी चढवली, पेट्रोल गाळून परत ओतलं. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. शाळेत बोअरचं पाणी आहे. सरांनी मुख्याध्यापकांना फोन लावला, दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन बांधले आणि निघाले. दिवस मावळेपर्यंत त्यांनी अकरा खेपा केल्या. वाटेत नवी पेठ लागते. गाडी एकदाही बंद पडली नाही. विद्यार्थी मात्र भेटले.

पहिल्या खेपेचं पाणी वहिनींनी हट्टाने वरच्या टाकीत ओतायला लावलं. मग जोडाखाली तळहात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. हात कोरडाच राहिला. बादली त्यांनी खाली आणली आणि सरांसमोर पालथी घातली.

तेव्हापासून फोनवर मी 'पेट्रोलची टाकी' असं पूर्ण म्हणतो. आणि सरांच्या घरी गेलो की गाडीकडे बघायच्या आधी विचारतो, वहिनी, तुमचं काय गळतंय?