मुळातली गाठ

महानंदाचा फोन आला तेव्हा मी सोनपेठच्या बसस्टँडवर होतो. "काका, आप्पा गेले..." ती म्हणाली, "तुमच्या शेतात सापडले." तिचे वडील शिवलिंगआप्पा माझे बांधशेजारी. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या मुठीत सोयाबीनचं उपटलेलं एक झाड होतं, माझ्या पिकातलं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी शेतीत नवखा. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावचा ट्रॅक्टर भाड्यानं आणून रोटावेटर फिरवला, तेव्हा आप्पा धावत आले होते. "गुरुजी, पाती तर धुवून घ्या! तिकडच्या मुळाला गाठी हायत." मी हसलो. त्या पावसाळ्यात अंगणाएवढा सोयाबीनचा तुकडा पिवळा पडला. मी फवारणी करत बसलो. आप्पांनी तिथलं झाड उपटलं, मूळ बादलीत धुतलं. "नत्राची चांगली गाठ नखानं निघती. ही निघती का बघा." मी नख लावलं. गाठ मुळावर बसलेली नव्हतीच, मूळच सुजलं होतं. आत सूत्रकृमी, माती-पाण्यातून पसरणारे सूक्ष्म जंत... डोळ्यांना दिसत नव्हते, म्हणून मला ते खरे वाटले नाहीत.

"उन्हाळ्यात खोल नांगरा, निंबोळी पेंड टाका. दोन वर्षं सोयाबीन नको, ज्वारी घ्या." स्वतःच्या शेतात ते न धुतलेलं अवजार शिरू देत नसत, गाव त्यांना सोवळे आप्पा म्हणून चिडवायचं. मी मात्र दोन्ही वर्षं सोयाबीनच पेरलं. पिवळेपणा दर हंगामात थोडा थोडा त्यांच्या बांधाकडे सरकत गेला. आप्पा त्यावर बोलेनासे झाले. शेवटचे भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "लय जवळ आलंय, गुरुजी." आभाळ भरलं होतं. मला वाटलं, पावसाचंच म्हणतायत.

लिंगायत रीतीनं त्यांच्याच शेताच्या कडेला त्यांना माती दिली. खड्ड्यातून निघालेल्या मातीत गाठींची मुळं दिसतील म्हणून त्या ढिगाकडे माझ्यानं बघवलं नाही.

नंतर मी तो सगळा तुकडा मुळासकट उपटला, वाळवून जाळला. रब्बीला ज्वारी ठरवली. हे सांगायला परवा गेलो, तर नुकताच मोठा पाऊस उघडलेला आणि महानंदा बांधावर उभी, हात मागे बांधून. माझं शेत चढाला, त्यांचं उताराला.

"काका, पाऊस उघडला की आप्पा हितंच येऊन थांबायचे," ती म्हणाली. "काय बघायलेत, मला कळायचंच न्हाई."

बांध एका जागी फुटला होता. माझ्या शेतातलं गढूळ पाणी आमच्या दोघांच्या मधून खाली उतरत होतं.