फुटलेली शीर

सलाईन उजव्या हाताला लावू नका, एवढंच मी सांगत होते. तीन दिवसांच्या उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी संपलं होतं, जीभ टाळ्याला चिकटत होती, तरी तेवढं मी स्पष्ट सांगितलं. मी तलासरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. फळ्यावर लिहायचं ते उजव्या हातानं, वह्या तपासायच्या त्याही उजव्याच हातानं.

"सिस्टर, डाव्या हाताला बघा ना."

सिस्टर पंचविशीची असेल. तिनं डाव्या हाताला दोन ठिकाणी टोचून पाहिलं, "शीरच मिळत नाही काकू," म्हणाली आणि उजव्या कोपराच्या खोलगट भागात सुई घालून वर चिकटपट्टी मारली. डहाणूतल्या त्या खाजगी दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर तेव्हा आठ खाटा भरलेल्या होत्या. ती पुढच्या खाटेकडे गेलीसुद्धा.

पहिली अर्धी बाटली नीट गेली. मग कोपरापाशी चुणचुण सुरू झाली, चुणचुणीची आग झाली. मी हाक मारली.

"सलाईनचं थोडं दुखतंच," लांबूनच उत्तर आलं.

माझे यजमान रेल्वेत आहेत. रजा टाकून उशाशी बसले होते. त्यांना म्हटलं, "अहो, हात बघा माझा, फुगतोय."

त्यांनी पाहिलं. "झोपल्यामुळे वाटत असेल. जरा सहन कर. लोक बघतायत."

लोक बघतायत! बत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. पण त्या दिवशी ते ऐकून माझ्या डोक्यात जे काही झालं, ते अजून शमलेलं नाही.

थोड्या वेळानं सिस्टर आली. थेंब पडायचे थांबले होते. माझ्या हाताकडे न बघता तिनं नळीला सिरिंज लावली आणि दट्ट्या जोरात दाबला. मी किंचाळले. किंचाळणारी बाई नाही मी. दोन बाळंतपणं दात-ओठ खाऊन काढली आहेत. कातडीखाली कोणी उकळतं पाणी ओतावं तसं झालं. मी डावा हात लांब करून नळीवरचं चाक फिरवलं आणि सलाईन बंद केलं.

"हात कोणी लावायला सांगितला तुम्हाला? तुम्ही डॉक्टर आहात का?"

"हात माझा आहे," मी म्हटलं. "डॉक्टरांना बोलवा."

एव्हाना कोपरापासून मनगटापर्यंत हात सुजून चकाकायला लागला होता. गौरींच्या आधी भरलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. यजमान म्हणाले, "घरी जाऊन साबणानं काढू." बोटं बधिर होत चालली होती आणि यांना साबण सुचत होता. मी मनगट खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. एक बांगडी गेली. पुन्हा आपटलं.

"अगं, सवाष्ण बाई तू..."

"मग हात तोडू का?"

काचा चादरीवर पडल्या होत्या. तेव्हा पहिल्यांदा मी शेजारच्या खाटेकडे नीट पाहिलं. तलासरीकडच्या एका पाड्यावरची बाई होती, तिशीच्या आतबाहेरची. सकाळी तापानं फणफणलेली आणली होती. तिचा नवरा औषधं आणायला खाली गेला होता. तिचा हात माझ्याहून जास्त सुजला होता, आणि बाटली चालूच होती.

"सिस्टर, आधी ह्यांचा हात बघा," मी ओरडले.

सिस्टर वळली, तिनं नजर टाकली आणि म्हणाली, "त्यांना काही होत नाही. त्यांना सवय असते."

कसली सवय? मी विचारलं, मोठ्यानं, दोन-तीनदा विचारलं. गडबड ऐकून डॉक्टर वर आले. माझा हात पाहताच त्यांचा चेहरा बदलला. "शीर फुटलीय. सुई शिरेबाहेर गेली, पाणी मांसात उतरलं." त्यांनी सुई काढली, हाताखाली उशी ठेवली, मला "मॅडम, मॅडम" म्हणत हात उंच ठेवायला आणि अजिबात न चोळायला सांगितलं. शेजारच्या बाईचीही सुई काढली. तिला मात्र एक शब्द सांगितला नाही.

ते गेल्यावर मी तिला विचारलं, "एवढं दुखत होतं तर तुम्ही बोलला का नाही?"

ती हळू म्हणाली, "सांगितला ना, बाय. दोन वेळा सांगितला."

मग मला आठवलं. तिनं खरंच सांगितलं होतं. मी जागी होते, हातभर अंतरावर होते. "दुखते, दुखते" असं काहीसं कानावर आलं होतं आणि मी कूस बदलली होती. पाड्यावरच्या पोरांना मी वीस वर्षं शिकवते. शाळेत लसीकरण असतं तेव्हा रडणाऱ्या पोरींचे दंड मी स्वतः धरून ठेवते आणि म्हणते, "गप, काही होत नाही." सिस्टरचं वाक्य मला नवीन नव्हतं. ते माझ्याच तोंडचं होतं. हे कळल्यावर राग कमी व्हायला हवा होता, असं लोक म्हणतील. उलट तो वाढला. आता त्यात मीही होते.

तिला दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा माझा डोळा लागला होता. जाग आली तर खाट रिकामी होती. तिचा पाडा कुठला हेही मी विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी घरी आले. हात आधी जांभळा झाला, मग काळानिळा, मग कडेनं हिरवट पिवळा. कोपराच्या आत शीर दोरीसारखी कडक लागायची. शाळेत रुजू झाले तेव्हा डाव्या हातानं फळ्यावर लिहिलं. अक्षरं घसरत खाली गेली आणि पहिलीची पोरं खदखदून हसली. मधल्या सुट्टीत एका सहकारी बाईंनी दार लोटून घेतलं. "घरी सगळं ठीक आहे ना? काही असेल तर मन मोकळं करा."

मी घरी हे सांगितलं, तर यजमान लालबुंद झाले. "मी मारलं असं वाटतंय त्यांना? उद्या जाऊन सांग, सलाईनचं आहे म्हणून!"

"तुम्ही नाही मारलं," मी म्हटलं. "तुम्ही फक्त सहन कर म्हणालात."

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मी जेवले.

मग मी तक्रार लिहायला बसले. डाव्या हातानं लिहिताना दोन पानांना अख्खा रविवार लागला. माझ्या हाताबद्दल लिहिलं आणि तेवढंच त्या बाईच्या हाताबद्दल लिहिलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पान उलटून पाहिलं.

"होतं असं कधी कधी, मॅडम. मलम देतो. पण ही दुसरी पेशंट, तिची तर काही तक्रार नाही."

"म्हणूनच मी लिहिलीय."

"बघतो," म्हणत त्यांनी कागद टेबलाच्या कडेला सारला. मी जिना उतरत होते तर तीच सिस्टर खालून वर येत होती. मला पाहून थांबली. मी तक्रार द्यायला आले होते हे तिला खाली कळलं असावं.

"माझं नाव दिलंत ना? द्या. अख्ख्या मजल्याला मी एकटी असते, ते पण लिहा. कालपासून घरी गेलेली नाही."

तिचे डोळे लाल होते. ती खरं बोलत होती, पण तेवढ्यानं मी विरघळले नाही. मी विचारलं, "त्या बाईचं काय झालं?"

"हात पिकला. ड्रेसिंगला आली होती. तीन वाहनं बदलून यावं लागतं तिला."

"काही म्हणाली?"

"नाही."

मी परत वर गेले. डॉक्टरांच्या खोलीत दुसरा पेशंट बसला होता, तरी आत शिरले. टेबलावरचा कागद उचलला आणि उभ्यानंच खाली दोन ओळी वाढवल्या: त्या बाईचा हात पिकला आहे, आणि मजल्यावर एकच सिस्टर असते. "यावर 'मिळाले' लिहून सही-शिक्का द्या. झेरॉक्स मी काढून आणते."

"तुम्ही फार रागावलाय, मॅडम," डॉक्टर म्हणाले.

"हो," मी म्हटलं, आणि शिक्का उमटेपर्यंत तिथून हलले नाही.