उजव्या हाताचे ट्रक

आमच्या चीफसाहेबांना ओळखता येणार नाही असा दुसऱ्या महायुद्धातला कॅनेडियन ट्रक अजून बनायचाय. त्यांना स्वतःला मात्र साधी सायकल येत नाही. सगळा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेला, चीफ इंजिनिअर होते. आता निवृत्त होऊन इथे सिंगापुरात चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि मागची खोली त्यांनी मला दिलीय. मी आठवीत शाळा सोडलेला, जहाजांच्या यार्डातला फिटर. कोण कधी गावी परत पाठवील या धास्तीने महिनाभर बॅग रिकामीच केली नव्हती. शेवटी साहेबच म्हणाले, "कपडे कपाटात लाव रे. भरलेली बॅग बघितली की मला वाटतं, उद्या माझंच जहाज सुटतंय."

त्या ट्रकांचे प्रकार आंब्यांपेक्षा जास्त. सगळे बसक्या नाकाचे. मला तर सख्खे भाऊच वाटायचे. लोक कुठून कुठून जुने फोटो पाठवतात, साहेब ते छापून घेतात, भिंग लावतात आणि निकाल देतात. "केबिन तेरा नंबर! समोरची काच बघ, खालच्या बाजूला तोंड करून बसवलीय. विमानातून चकाकी दिसू नये म्हणून!" खाली खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी घेतानाही तेच. दुधाची, बिनदुधाची, बिनसाखरेची, प्रत्येकीला मॉडेल नंबर. कॉफीवाली आंटी वैतागते, "अंकल, सेम सेम लाह!" त्यावर साहेब बोट वर करून, "नथिंग इज सेम!"

माझ्या आधी खोलीत पुण्याचा एक आयटीवाला होता. "काका, सगळे सारखेच तर दिसतात," एवढं बोलला, आणि पंधरा दिवसांत खोली रिकामी. त्याला ईस्ट कोस्टला भारीतला कॉन्डो फ्लॅट मिळाला म्हणून गेला, असं शेजारी म्हणतात. साहेब म्हणतात, मी घालवला. खरं काय ते विचारायचा मला धीर नाही.

म्हणूनच त्या रविवारी मी पेचात पडलो. कॅनडातल्या एका बाईंनी फोटो पाठवला होता: ट्रकच्या दाराला टेकून उभे तिचे वडील, तरणेबांड. हाच त्यांनी युद्धात चालवलेला ट्रक का, एवढंच तिला हवं होतं. नंबर चिखलाने झाकलेला. साहेबांनी निकाल दिला, "नाही. स्टिअरिंग डावीकडे आहे. आपले कॅनेडियन ट्रक ब्रिटिश पद्धतीचे, उजव्या हाताचे. हा कुठला तरी दुसराच. लिहून टाकतो तिला."

शाळा सोडल्यावर चार वर्षं मी शिंप्याकडे काजं-बटणं केलीत. त्या माणसाच्या सदऱ्याची बटणं डाव्या अंगाला होती. पुरुषाचा सदरा असा कुणी शिवत नाही. सांगावं तर खोली जायची; गप्प बसावं तर त्या बाईचा बाप खोटा ठरायचा.

"साहेब," मी कसंबसं म्हणालो, "फोटो डावा-उजवा उलटा छापलाय. बटणं बघा."

साहेब उठले. फोटो घेऊन बाथरूमच्या आरशापुढे गेले. बराच वेळ आले नाहीत. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

बाहेर आले ते हळू आवाजात म्हणाले, "उजव्या हाताचाच आहे. तिच्या बापाचाच." मग खुर्चीत बसले. "मला बटणं दिसलीच नाहीत रे. सदरा आहे, एवढंच दिसलं."

खोली गेली नाही. पण तेव्हापासून यार्डात नट आवळताना मध्येच मनात येतं, की आज एखादा फोटो आला असेल आणि साहेब घरी एकटेच असतील.

परवा यार्डातून आलो तर नवा फोटो, निकाल न देता, टेबलावर पालथा ठेवलेला, आणि भिंग माझ्या खुर्चीपुढे.