फटफटीची मागची सीट

घाटातून वर येणारी फटफटी यांचीच आहे की दुसऱ्या कोणाची, हे मला घरात बसून ओळखू यायचं. आमची खोली बुलढाण्याच्या कडेला, राजूरच्या घाटाकडे जाणाऱ्या सडकेवर होती. आवाज आधी बारीक यायचा, वळणाआड गेला की बुडायचा, मग पुन्हा वर यायचा. तो बुडालेला असतानाच मी चुलीत विटेचा तुकडा सरकवायचे. हे आले की जेवणाआधी खाटेवर पालथे पडत, आणि मी ती गरम वीट एरंडाच्या पानात गुंडाळून त्यांची कंबर शेकत असे.

हे खामगावच्या एका शेठकडे कामाला होते. शेठ कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांना, म्हणजे कारखान्यांना, यंत्रांचे भाग विकत. ते बसवून द्यायचे, बिघडले तर दुरुस्त करायचे, हे यांचं काम. हंगाम लागला की हे कितीतरी दिवस घरी नसत. शेठची फटफटी जुनी होती, उंच आणि हाडकुळी. तिच्यावर बसणारा पुढं वाकून बसे, आणि खड्डा आला की धक्का सरळ कण्यात जाई. मागं माणसाला जागा नव्हती, हत्यारांची पेटी बांधलेली असे.

शेकताना हे बोलत. एरवी कमी बोलणारा माणूस, पण पालथं पडून, तोंड उशीत ठेवून सगळा दौरा सांगे. कोणत्या जिनात कोण कसं बोललं, कुठं नाल्याला पाणी होतं, कुठल्या गावी भाकरीबरोबर काय मिळालं. तो आवाज उशीतून यायचा म्हणून मी वाकून ऐकायचे. माझ्या आठवड्यातलं ऐकायचं बोलणं तेवढंच होतं.

आम्हाला मूल नव्हतं. शेजारी कचेरीतल्या कारकुनांची बिऱ्हाडं होती. बाया वाईट नव्हत्या, पण मी ‘मले’ म्हटलं की एकमेकींकडे बघायच्या. मी चौथी शिकलेली. वाचता येतं, लिहिता येतं, पण चार जणींत तोंड उघडत नाही, हे लहानपणापासूनचंच. मग मी विहिरीवर सगळ्यांच्या आधी जाऊ लागले. घरात काही दिवस असे जायचे की भांड्यांशिवाय कोणाशी बोलणं नाही. ‘सरक वं तिकडं,’ असं मी परातीला म्हणायचे.

एका वर्षी दिवाळीनंतर संध्याकाळी घाटातून वेगळाच आवाज आला, जाड आणि संथ. कोणी साहेब असेल म्हणून मी भाकरी थापत राहिले. फटफटी दाराशीच थांबली. वीट तापवलेली नव्हती.

मी दाराआडून पाहिलं. गाडी बुटकी, रुंद, काळी. हँडल म्हशीच्या शिंगांसारखं मागं वळलेलं. हे तिच्यावर खुर्चीत बसावं तसे ताठ बसले होते. उतरले, आत आले, आणि पालथे न पडता पाटावर बसले. मला काय करावं ते सुचेना. मी ताट वाढलं.

जेवताना यांनी सगळं सांगितलं. गाडी त्याच कंपनीची, पण या साली तिचा सगळा बांधाच बदललेला. बैठक खाली आणलेली, सीटखाली दुहेरी स्प्रिंगा, पाय ठेवायला फळ्या, टाकी मोठी. शेठनं मुंबईहून मागवली होती, पण पैसे द्यायच्या आधी ती लांबच्या दौऱ्याला चालते की नाही ते पाहायचं होतं. म्हणून त्यानं ती यांच्या हाती दिली. गिट्टीच्या सडकेवर तर कोणतीही चालते, शेतातल्या कच्च्या पांदणीतून वजनासकट घेऊन जा आणि मग सांग, असं तो म्हणाला होता. ही नापसंत पडली, तर जुन्या बांध्याची उंचच गाडी नवी घ्यायची.

या गाडीला मागं आणखी एक सीट होती. काळ्या चामड्याची, गोल, खाली तिच्या स्वतःच्या स्प्रिंगा. हे हात धुता धुता म्हणाले, “हे गाडी दोघांले घेऊन चालली, तर तू बी येत जाय दौऱ्यावर. धर्मशाळेत राहू. तू भाकरी टाक, मी यंत्र पाहीन.”

दुसऱ्या दिवशी मी लहान तवा, जेवायची एक पितळी आणि तिखटमिठाचा डबा वेगळा काढून एका फडक्यात बांधून ठेवला.

परीक्षेचा रस्ता यांनीच ठरवला. घाट उतरून माझ्या माहेरी धामणगाव बढ्याला, तिथून यांच्या घरी पिंपळगाव राजाला, आणि मग खामगावला जाऊन शेठला सांगायचं. मी एका बाजूला पाय सोडून बसले. गाव सुटेपर्यंत सीटचा लोखंडी दांडा धरला होता. घाटाच्या पहिल्या वळणावर यांचा खांदा धरला.

गाडीवर बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून निघायच्या आधी यांनी सांगितलं होतं, “बरं वाटलं तं खांद्यावर एक थाप मार. दुखलं तं दोन.” मधून मधून हे मान थोडी वळवत आणि मी एक थाप मारी. उजेडात, उघड्यावर मी यांना असा हात कधी लावला नव्हता. घाट उतरताना वारा पदरात शिरत होता. खाली तुरी फुलावर होत्या, ज्वारीची कणसं निसवली होती, आणि सगळं गाडीच्या दोन्ही बाजूंनी मागं पळत होतं. मला त्या सीटमध्ये एकही दोष दिसला नाही.

मोताळ्यापर्यंत असंच गेलं. पुढं पांदण लागली. पावसाळ्यात बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आता वाळून दगड झाल्या होत्या. फटफटी चाकोरीतून चालली की मधला वरंबा तिच्या पोटाला लागे. खालून खर्रर्र असा आवाज आला. हे थांबले, जमिनीवर आडवे झाले, गाडीखाली पाहिलं. उठले तेव्हा तोंड उतरलेलं होतं. पुढं तो आवाज पुन्हा पुन्हा आला. फळ्याही मातीला घासत होत्या.

माहेरी आम्हाला पाहायला अर्धी गल्ली जमली. माझ्या भावानं गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, “दाजी, हे फटफटी हाये का घोरपड? पोट घासत चालते.” सगळे हसले. हेही हसले, पण नेहमीसारखे जेवले नाहीत. मायनं मला चुलीपाशी विचारलं की एकटी कशी राहतेस. मी म्हटलं, आता एकटी राहणार नाही, यांच्यासोबत जाणार आहे. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, जावई स्वतःहून नेतो म्हणतो हेच लय आहे, जाय. निघताना तिनं माझ्या फडक्यात मिरच्यांचा ठेचा बांधून दिला, दौऱ्यावर टिकणारा.

पिंपळगावच्या वाटेवर तर घासणं थांबेचना. यांनी एका ठिकाणी सीटच्या स्प्रिंगांत लाकडाच्या चिपा ठोकून बसवल्या, म्हणजे गाडी दबणार नाही. ती थोडी वर राहिली, पण मग धक्के बसायला लागले, आणि यांनी कंबरेवर हात ठेवलेला मी पाहिला. चिपा काढून टाकल्या. हे म्हणाले, वापस पाठवा लागते हिले. वरंबा आला की मी श्वास आत घेऊन अंग हलकं करायला लागले. त्यानं काही होत नव्हतं, पण तेवढंच माझ्या हाती होतं.

सासरी एक चाल होती. सून गावात उघड्या वाहनावर बसून शिरत नसे. पडदा लावलेल्या बैलांच्या दमणीत बसून गेली तर चाले, पण उघडी नाही, कारण वेशीतल्या पारावर सासरे आणि भावकीतली मोठी माणसं बसलेली असत. गावाअलीकडे एक नाला आहे. तिथं उतरायचं, पदर पुढं ओढायचा आणि चालत जायचं. यांनी नाल्याशी गाडी थांबवली. मी उतरले, गाठोडं काखेत घेतलं. हे पुढं निघाले.

नाला ते वेस, ही सगळ्या रस्त्यातली सर्वांत वाईट पांदण. मी कान लावून उभी राहिले. गाडीचा जाड आवाज लांब लांब जात राहिला, पण पोट घासल्याचा आवाज एकदाही आला नाही.

मग मी चालू लागले. मी चाकोरीतून चालत होते आणि शेजारी मधला वरंबा होता. त्याच्यावरची वाळलेली हराळी तशीच उभी होती. मुंग्यांनी काढलेली मातीची ढिगुळीसुद्धा मोडली नव्हती. मी मागं वळून पाहिलं. नाल्यापलीकडे, जिथवर मी गाडीवर होते तिथवर, वरंबा खुरप्यानं तासल्यासारखा दिसत होता.

मला जे कळायचं ते तिथंच कळलं. मी मुद्दामच हळू चालले.

हे वेशीबाहेर निंबाखाली थांबले होते. मला पाहताच मोठ्यानं म्हणाले, “पाह्यलं काय? एक खेप बी घासली नाही.” त्यांच्या तोंडावर मोताळ्यापासून पहिल्यांदाच खरं हसू होतं. मग मी गाठोडं घेऊन जवळ आले, आणि त्यांनी माझ्याकडे, मग मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, तसं ते हसू मावळलं. घरी सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाल्या की नवरा पुढं बसून आणि सून मागं पायी, जुनं तेच बरं. त्या थट्टेनं म्हणाल्या. हसलं मात्र कोणी नाही.

खामगावच्या वाटेवर हे प्रत्येक वाईट जागेआधी मला उतरवत. मी चालत जाई, हे पुढं थांबत. पक्की सडक लागली तिथं एका बाभळीखाली आम्ही भाकरी खाल्ली, मायनं दिलेल्या ठेच्याशी. हे गाडीकडे पाहत म्हणाले, “तू सांग. शेठले काय म्हनू? उंचवाली घे म्हनलं तं उंचवाली घेईन. तिलेबी मागं सीट बसते.”

मी विचारलं, “तुमची कंबर?”

“ते चिपा सोडल्या तं या खेपेले नाही दुखली.”

खोटं बोलणारा माणूस नव्हता. मी पाहतच होते. निघाल्यापासून एकदाही पालथे पडले नव्हते. सकाळी उठताना खाटेची कड धरली नव्हती. उंच गाडीवर या माणसाची कंबर किती वर्षं टिकली असती, ते मला हातानं माहीत होतं.

“मंग हेच घ्या,” मी म्हटलं.

“अन् तू?”

“मी हाये ना घरी.”

यांनी उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. पुढचा रस्ता चांगला होता, आणि मी शेवटपर्यंत मागं बसून गेले. यांनी मान वळवली नाही, म्हणून थापही मारावी लागली नाही.

शेठच्या दुकानात मी आतल्या ओट्यावर बसले. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. हे सांगत होते की लांब दौऱ्याला गाडी चांगली आहे, कंबर धरत नाही, टाकी मोठी आहे, घाट सहज चढते. फक्त बसणारा एकटा पाहिजे. शेठ खुश झाला. मागं सीट कशाला मग, म्हणाला, काढा ती आणि हत्यारांची पेटी लावा. दुकानातल्या मिस्त्रीनं पान्यानं दोन पेच सोडले आणि सीट निघाली. हे तिथूनच दौऱ्यावर जाणार होते. मला त्यांनी बुलढाण्याच्या प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीत बसवून दिलं, आणि मोटार निघताना ती सीट खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. दुकानात पडून सडेल, घरी असू दे, एवढंच म्हणाले. शेजारच्या बाईनं विचारलं, हे काय हाये वं माय. मी सांगितलं, हे बसायला आहे.

गाडी यांना खरंच मानवली. कंबर सुटली. नव्या फटफटीचा आवाज मला कधी नीट ओळखता आला नाही. तो खालच्या पट्टीतला होता आणि दुसऱ्या मोटारींत मिसळून जाई, त्यामुळं हे दाराशी आल्यावरच मला कळायचं. आले की ताठ पाटावर बसत, जेवत, आणि झोपत. वीट तापवायचं काम राहिलं नाही. पालथं पडून दौरा सांगणंही राहिलं नाही. मी विचारलं तर सांगत, पण काय विचारावं हे मला ठाऊक नसे. पूर्वी न विचारता कळायचं.

सीट मी दाराशी ठेवली. तिच्यावर बसून ज्वारी निवडते. बसलं की स्प्रिंगा थोड्या करकरतात. गाठोड्यातला लहान तवा पुष्कळ दिवस तसाच बांधलेला होता, मग एका सणाला लागला म्हणून सोडला.

एकदा असेच हे दौऱ्याला निघत होते. फटफटी चालू केलेली, तिच्या आवाजात काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. मी डबा द्यायला जवळ गेले. हे माझ्याकडे वाकून ओरडले, “तुले करमते ना घरी?”

मी त्यांच्या खांद्यावर एक थाप मारली. हे समजले, मान हलवली आणि घाटाकडे निघून गेले. हात मी तसाच थोडा वेळ वर धरला होता, मग पदराला पुसला आणि आत आले.