अण्णांचं गळकं तळं

मासे बाथरूममध्ये होते आणि अण्णा खांद्यावर टॉवेल टाकून शेजारी आंघोळीला निघाले होते. फाटकातच आमची गाठ पडली.

"मॅडम, आज काहीतरी कराच," ते म्हणाले. "मला येताना बघितलं की शेजारी आता गीझर बंद करायला लागलेत."

मी हुबळी आणि आसपास वॉटरप्रूफिंगची कामं घेते. गच्च्या, टाक्या, बाथरूम. अण्णा बँकेतून रिटायर झालेले. मळमड्डीतल्या त्यांच्या बागेत त्यांनी हौसेनं सिमेंटचं छोटं तळं बांधलं होतं, गुडघाभर उंच कठड्याचं. ते गळत होतं. मी आतून नवा कोट मारला, वर गॅरंटीही दिली. तरी पाणी उतरतच होतं, म्हणून मासे बाथरूममध्ये हलवलेले.

अक्का, म्हणजे अण्णांच्या मिसेस, दारातूनच म्हणाल्या, "रविवारपर्यंत मासे हलले नाहीत तर मी बेळगावला माहेरी जाते. मग मासेही सांभाळा आणि स्वयंपाकही."

अण्णांचा चेहरा उतरला. माशांपेक्षा स्वयंपाकाची धास्ती जास्त दिसली.

आधी बादलीची टेस्ट केली. तळ्यात पाण्यानं भरलेली बादली उभी ठेवायची. उन्हानं दोन्हीकडचं पाणी सारखंच आटतं. तळ्याचं जास्त उतरलं, तर गळती नक्की. दुसऱ्या दिवशी तळ्याचं बरंच जास्त उतरलेलं होतं.

मग डाय टेस्ट. संशय येईल तिथे पाण्यात रंग सोडायचा. क्रॅक असेल तर रंगाची रेघ तिकडे ओढली जाते. मी लाल शाई सोडली. रेघ जागची हलेना. मी तिथेच दुपारपर्यंत बसले. पाण्याची लेव्हलही हलेना.

"तुम्ही असताना गळत नाही," अण्णा म्हणाले. "भितंय तुम्हाला."

एक गोष्ट मात्र रोज तीच. पाणी ठरावीक खुणेपर्यंत उतरायचं आणि थांबायचं. पाणी थांबतं त्या लेव्हलला किंवा वर गळती असते, हा आमचा साधा हिशोब. पण तिथे सिमेंट आरशासारखं गुळगुळीत होतं. मी हातानं चाचपलं, बॅटरी मारून बघितलं, शेवटी कान लावला. अक्का खिडकीतून म्हणाल्या, "अय्यो, आता ह्या बाईपण तळ्याशी बोलायला लागल्या!"

शनिवारी जवळच बेलूरच्या इंडस्ट्रियल एरियात एका फॅक्टरीतलं काम लवकर आटपलं. परतताना मी फोन न करताच मळमड्डीत वळले.

तळ्यावर एक गोणपाट होता. एक टोक आत पाण्यात, दुसरं कठड्यावरून बाहेर लोंबत गुलाबाच्या आळ्यात. त्यातून पाणी टपटप गळत होतं. समईत वात तेल ओढते, तसा तो गोणपाट पाणी ओढून बाहेर टाकत होता. आतलं टोक उघडं पडलं की थांबत होता. आणि त्याच्यावर एक जाडजूड बेडूक बसला होता.

अण्णा मागून धावत आले. "हळू बोला! हिला वाटतंय मी त्याला केव्हाच सोडून आलोय. रात्री ओरडतो म्हणून हिनं हाकलायला सांगितलं होतं. कठडा गुळगुळीत, त्याला चढता येत नाही हो. तुमचा फोन आला की मी गोणपाट उचलून ठेवतो. त्यातून पाणी जातं हे मला काय ठाऊक! तुमच्या तोंडून हिला कळायला नको."

बेडूक ओरडला. अक्का बाहेर आल्या. गोणपाट, बेडूक, अण्णा असं क्रमानं बघितलं.

"ह्या कप्पेसाठी, ह्या बेडकासाठी मी शेजारी आंघोळ केली?"

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी कठडा बघायला लागले.

मग अक्काच फिसकन हसल्या. "राहू दे त्याला. पण रात्री ओरडला तर तुम्ही बाहेर झोपायचं."

मी तळ्यात दगड रचून बेडकासाठी पायऱ्या केल्या. दगड पाणी ओढत नाही. संध्याकाळी मासे तळ्यात गेले आणि अण्णा स्वतःच्या बाथरूममध्ये. पाणी पुन्हा उतरलं नाही.

तेव्हापासून मी गळती बघायला फोन न करता जाते. लोकांना आवडत नाही. गळती सापडते.