इंदिरानगरच्या जिन्यातले बूस्टर

नव्वदच्या दशकात मी इंदिरानगरात केबल ओढली ती गच्चीवरून गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांना बांधत. टीव्हीवर मुंग्या आल्या की आमच्याकडे एकच औषध, सिग्नल वाढवणारा बूस्टर. एकानं भागलं नाही तर पुढच्या जिन्यात दुसरा. या एका औषधावर मी कितीतरी वर्षं डॉक्टरासारखा मिरवलो.

मग त्याच वायरीतून इंटरनेट द्यायचे दिवस आले. टेलिफोनवालेही ब्रॉडबँड घेऊन दारात उभे. एका सोसायटीनं रविवारी सभा लावली. त्याआधी मी माझं इंटरनेट चालवून दाखवलं तर बिल्डिंग माझी, नाहीतर अख्खी टेलिफोनवाल्यांची. तिच्याच गच्चीवरून माझी लाइन पुढच्या सगळ्या बिल्डिंगांना गेलेली. ही गेली की धंदाच गेला.

प्रात्यक्षिक त्याच दिवशी सकाळी, चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे. परदेशात त्यांना नात झाली होती आणि तिचा फोटो ईमेलमध्ये येऊन पडला होता. मी ऐटीत त्यांच्या कॉम्प्युटरला मोडेम जोडला. सिग्नल येतोय हे सांगणारा दिवा लागला. परत जातोय हे सांगणारा नुसता लुकलुकत राहिला.

"सिग्नल कमी पडतोय," असं जाहीर करून मी जिन्यात जुन्याच्या जोडीला आणखी एक बूस्टर ठोकला. दिवा ढिम्म. मग अजून एक.

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, माणसांना चढायला तरी जागा ठेवा!"

मी घरी बायकोला फोन लावला. तक्रारींचा फोन तीच सांभाळायची. "आणखी एक बूस्टर पाठव."

"टीव्हीचंच औषध यालाही?" ती म्हणाली. "टीव्ही नुसता ऐकवतो हो. इंटरनेट उलट बोलतं, माझ्यासारखं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माझे बूस्टर एकतर्फी! आलेलं सगळं आत सोडायचे, घरातून निघालेलं एक अक्षर बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. म्हणजे मी सकाळपासून दाराला कड्याच घालत होतो. दोन्हीकडून चालणारे नवे बूस्टर मी आणलेही होते, पण 'जुने चालतायत की' म्हणून खोक्यातच ठेवलेले.

"ते नवं खोकं घेऊन रिक्षानं ये!"

ती आली तेव्हा सभेची मंडळी काकूंच्या हॉलमध्ये जमलेली. जिन्यातले सगळे जुने काढून मी एकच नवा बसवला. दिवा स्थिर झाला. पडद्यावर फोटो वरून खाली उतरू लागला. आधी जावळ, मग कपाळ, मग नाक.

"नाक आमच्याकडचं!" काकू ओरडल्या आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. सभा तिथेच उरकली. सेक्रेटरींनी चपला घालता घालता विचारलं, "माझ्याकडे उद्याच लावता ना?"

पण दुसऱ्या दिवशी आधी पुढच्या गच्च्या होत्या. सकाळीच निघालो आणि स्वतःच्या हातानं बसवलेले जुने बूस्टर एकेक करून उतरवत गेलो. आपल्याच चुका इतक्या थाटात, छाती काढून, दुसऱ्या कुणी उतरवल्या नसतील.